काटा थांबेपर्यंत

काट्याकडे पाहण्याआधी ते सिलिंडरला हाताची मागची बाजू लावायचे, ताप आलेल्या लेकराच्या कपाळाला लावावी तशी. क्षणभर थांबायचे. मग, समोर कोणी असो वा नसो, म्हणायचे, "स्वल्प निवू दे."

हे वाक्य मी पाच-सहा वर्षांत किती वेळा ऐकलं याची नोंद नाही. वाफाळत्या कॉफीला ते हेच म्हणत, चिडलेल्या गिऱ्हाइकाला हेच, आणि अर्धी बातमी घेऊन धावत सुटलेल्या मलाही हेच. 'स्वल्प' म्हणजे थोडं. बंगळूरच्या रिक्षात, दुकानात, बसमध्ये दिवसातून वीसदा कानावर पडणारा शब्द. त्यांचे आजोबा बेळगावाकडून इथे आले होते, आणि तीन पिढ्यांत असे बरेच शब्द त्यांच्या घरच्या मराठीत बिऱ्हाड करून राहिले होते.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. सरकारी कारखान्यात तीस वर्षं कंप्रेसर सांभाळून ते स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडले आणि राजाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीत त्यांनी पत्र्याची एक शेड घेतली. धंदा कोणता, तर पाणबुड्यांच्या पाठीवरची सिलिंडरं भरून देणं. बंगळूर समुद्रसपाटीपासून तीन हजार फूट उंचावर. समुद्र पाहायचा तर रात्रभर बसमध्ये बसावं लागतं. इथे बुडी मारतं कोण, हा प्रश्न तुम्हाला पडला तसा मलाही पडला होता. पण शहराभोवती ग्रॅनाइटच्या जुन्या खाणी पाण्याने भरलेल्या आहेत. त्यांत पंप पडतात, मोटारी पडतात, कधी माणसंही पडतात. तलावांची दारं अडकतात. शिवाय त्या वर्षांत पुण्या-मुंबईहून आलेली सॉफ्टवेअरवाली मंडळी अंदमानला जाण्याआधी इथल्या तरणतलावात सराव करू लागली होती. "काका, टँक फुल आहे ना?" असं त्यांतला एखादा विचारायचा. "पेट्रोल भरायला आलात का?" असं उत्तर मिळायचं.

आमची ओळख माझ्या चुकीमुळे झाली. मी एका इंग्रजी दैनिकात बातमीदार होते. खाणीतून मोटार वर काढल्याच्या बातमीत मी 'ऑक्सिजनचं सिलिंडर' असं लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी एक साठीचे, खाकी शर्ट घातलेले गृहस्थ दोन मजले चढून कार्यालयात आले. हातात चौघडी घातलेलं कात्रण.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

नाव वाचून त्यांना अंदाज आलेला असणार, कारण पुढचं ते मराठीतच बोलले. "अक्का, तो ऑक्सिजन नव्हता. हवा होती. तुम्ही-आम्ही आत्ता घेतोय तीच, दाबून भरलेली. नुसता ऑक्सिजन घेऊन तो पाणबुड्या तेवढ्या खोल गेला असता तर झटके येऊन मेला असता. आणि पोलीस माझ्या दारात आले असते."

मी त्यांच्यापेक्षा तीस वर्षांनी लहान होते, तरी शेवटपर्यंत अक्काच राहिले. तिसऱ्या दिवशी दोन ओळींची दुरुस्ती छापून आली. ती कापून त्यांनी शेडच्या भिंतीवर चिकटवली. मूळ बातमीही चिकटवली, पण तिच्या खाली. वसाहतीत त्यांना सगळे 'हवाअण्णा' म्हणत. 'गॅसअण्णा' म्हटलं तर ओ देत नसत.

शेडमध्ये सिमेंटचा एक हौद होता, गुरांना पाणी पाजायचा असतो तसा. सिलिंडर त्यात उभं ठेवून ते भरायचे. हे कशासाठी, हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत समजावलं. हवा दाबली की तापते. सायकलच्या पंपाचं टोक हाताला लागतं ते त्यामुळेच. बंद सिलिंडरातली हवा तापलेली असली की जास्त जोराने ढकलते आणि काटा वर चढतो. तीच हवा निवली की काटा खाली येतो. हवा कमी झालेली नसते. फक्त आकडा फुगलेला होता, तो जागेवर येतो.

"भरलेल्या सिलिंडरला तीन अंशांमागे दोन किलो," ते म्हणाले. दाब ते किलोतच मोजत. "साठ अंशांची हवा तीस अंशांवर आली, तर दोनशेचे एकशे ऐंशी. म्हणून मी गरम आकडा लिहीत नाही."

भरलेलं सिलिंडर ते रात्रभर हौदात ठेवत. सकाळी काटा खाली आलेला असे. मग हळूहळू वरची भर घालून आकडा पुरा करत आणि खडूने सिलिंडरवर लिहीत. हौदाजवळ एक पाटी टांगलेली होती. तिच्यावर न निवलेल्या सिलिंडराची नोंद असे. 'गरम' हा शब्द त्या पाटीवर एवढा ठळक असे, की नवीन माणसाला तो धोक्याचा इशारा वाटावा.

हा नियम त्यांनी शेडपुरता ठेवला नव्हता. मल्लेश्वरमच्या मैदानावर रविवारी सकाळी आमच्या ओळखीची मराठी मंडळी व्हॉलीबॉल खेळत. बँकेतले, कारखान्यातले, दोघे प्राध्यापक. डिसेंबरात एकदा सामन्याच्या सकाळी चेंडू पिचपिचीत निघाला. आदल्या दिवशी भर दुपारी ज्यांनी तो भरून ठेवला होता, त्या बँकेच्या कॅशियरवर सगळे तुटून पडले. कॅशियरनी प्राध्यापकांवर संशय घेतला. प्राध्यापकांनी शेजारच्या गादीवाल्याच्या सुईने भोक पडलं असेल असं सुचवलं. हवाअण्णा कठड्यावर बसून कॉफी पीत होते. त्यांनी चेंडू मागून घेतला, हाताची मागची बाजू लावली आणि तो उन्हात कठड्यावर ठेवला.

"हे काय?"

"इथे उलटं आहे. स्वल्प तापू दे."

साडेअकराला चेंडू टणक झाला. तोवर दोन्ही संघ एकमेकांशी बोलेनासे झाले होते, आणि सामना पुढच्या रविवारवर गेला होता. कॅशियरची माफी मात्र कोणी मागितली नाही. तेवढी ती अजून राहिलीच आहे.

त्यांच्या पत्नीला मी वहिनी म्हणे. त्या म्हणायच्या, "मुलगी पाहून गेले आणि तीन महिने कळवलं नाही. माझ्या वडिलांनी नाद सोडला होता. मग एक दिवस पत्र: पसंत आहे." यावर हवाअण्णा मान खाली घालून म्हणायचे, "त्या दिवशी पसंत होतीच. पण आकडा गरम होता."

आणि मुनिराजू. तो पाणबुड्या होता, पस्तिशीचा, सडपातळ, फार न बोलणारा. खाणीतली आणि तलावातली कामं तो घेई आणि सिलिंडर फक्त हवाअण्णांकडून भरी. दोघं कन्नडमध्ये बोलत. इथे त्यांचं बोलणं मराठीत देते आहे. एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, पण तिचा अर्थ मला कळला नव्हता. मुनिराजूशी काही बोलायचं असलं की हवाअण्णा वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला जायचे. बाकड्यावर तो डाव्या टोकाला बसे आणि हे उजवीकडे. कोणी मध्ये बसलं तर त्याला उठवायचे.

आता त्या दुपारबद्दल.

ऑक्टोबर होता. आठवडाभर पाऊस लागला होता. सकाळी दहाच्या सुमाराला कार्यालयात फोन आला. "अक्का, चला. टेम्पो खाली उभा आहे. बातमी गरम आहे." 'गरम' हा शब्द त्यांनी चांगल्या अर्थाने वापरल्याचं मला तेवढं एकदाच आठवतं.

शहरापासून दोन तासांवर मातीच्या बांधाचा एक जुना तलाव होता. गावाचं नाव इथे देत नाही. तलाव काठोकाठ भरला होता आणि पाणी सोडायचं तळाचं लोखंडी दार उघडत नव्हतं. दार वर ओढायची कांब खालच्या कडीपाशी तुटली होती. दार दहा मीटर खोल पाण्यात. कोणीतरी खाली जाऊन नवी कडी अडकवायची आणि तिचा बोल्ट बसवायचा. मग वरून साखळीने दार ओढता येणार होतं. नाही ओढलं, तर बांध जाणार होता. बांधाच्या खाली गाव होतं. आम्ही पोचलो तेव्हा बाया डोक्यावर भांडी आणि मागे गुरं घेऊन शाळेच्या टेकडीकडे निघाल्या होत्या.

बांधाच्या गावाकडच्या अंगाला माती ओली दिसू लागली होती. गावकऱ्यांनी ओल जिथे संपते तिथे एक काठी रोवली होती. आम्ही उतरलो तेव्हा ओल काठीपाशी होती. तासाभराने ती काठीच्या पलीकडे एक पाऊलभर गेली.

मुनिराजूने शेडमधून आणलेली दोन निवलेली सिलिंडरं दोन बुड्यांत संपवली. पहिल्या बुडीत त्याला दार सापडलं. दुसऱ्या बुडीत त्याने कडीभोवतीचा गाळ उपसला आणि तुटलेला तुकडा काढून आणला. हे सगळं हाताने चाचपून. पाणी चहासारखं होतं, दोन वितींपलीकडे काही दिसत नव्हतं. पाणबुड्याच्या जवळ दाबाचा काटा असतो, पण त्या गढूळ पाण्यात तो डोळ्यांना लावूनही वाचता येत नव्हता. म्हणून हिशेब वर होता. खाली जाताना सिलिंडरात किती आहे त्यावरून किती मिनिटं पुरेल, ते हवाअण्णा काढत आणि घड्याळ पाहत बसत. कमरेच्या दोरीला एक झटका म्हणजे ठीक. दोन म्हणजे आणखी वेळ हवा. तीन म्हणजे वर. मुनिराजूचा जीव त्या आकड्यावर होता, आणि आकडा हवाअण्णांच्या खिशातल्या कागदावर.

तिसरी बुडी कडी बसवण्याची. टेम्पोत साठवणीची दोन मोठी सिलिंडरं होती. त्यांच्यातून लहान सिलिंडरात हवा सोडली की ते काही मिनिटांत भरतं. हवाअण्णांनी नळी जोडली, चावी उघडली. सूं असा आवाज झाला आणि काटा डोळ्यांसमोर चढत गेला. शंभर. दीडशे. दोनशे.

पाटबंधारे खात्याचे अभियंता साहेब छत्री टाकून पुढे आले. पहाटेपासून ते बांधावर होते. चपलांचे पट्टे चिखलात तुटले होते, म्हणून अनवाणी होते.

"झाले ना दोनशे? बांधा त्याच्या पाठीवर."

हवाअण्णांनी सिलिंडरला हाताची मागची बाजू लावली आणि झटकन काढून घेतली. "स्वल्प निवू दे, सर."

"काय?"

"गरम आहे."

"चहा आहे का तो?"

"चहा गरम दिला तर जीभ भाजते, सर. हे गरम दिलं तर माणूस खाली राहतो."

त्यांनी सिलिंडरला दोरी बांधली आणि ते तलावातच सोडलं. काटा आखूड नळीने बाहेर दगडावर ठेवला. साहेब, मुकादम, पोत्यात माती भरणारे मजूर, मी, असे सगळे त्या तळहाताएवढ्या तबकडीभोवती उभे राहिलो. पाठीमागे बांध पाणी पीत होता.

काटा खाली येऊ लागला. एकशे शहाण्णव. एकशे नव्वद.

"गळतंय!" साहेब ओरडले. "गळकं सिलिंडर घेऊन आलात! गाव जाईल माझं!"

"पाण्यात आहे, सर. गळत असतं तर बुडबुडे आले असते. मला एक दाखवा."

पंधरा-वीस माणसं वाकली आणि पाण्यात बुडबुडा शोधू लागली. मीही वाकले. एकही नव्हता. काटा मात्र येतच होता. एकशे ब्याऐंशी. मुकादमाने हात जोडून देवाचं नाव घेतलं.

"निवतंय," हवाअण्णा म्हणाले. "गेलेलं काही नाही. आहे तेवढंच आहे. आधीच तेवढं होतं."

"मग तुमचा तो तीन अंशांचा हिशेब करून वजा करा," मी म्हणाले. मला तो पाठ होता. वेळ वाचवावा, एवढाच हेतू.

ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "आत किती अंश आहे, सांगा."

हाताला लागतं ते लोखंड. आतल्या हवेत थर्मामीटर घालता येत नाही. मुनिराजू बाजूच्या दगडावर काळा सूट घालून बसला होता, डोळे मिटून.

वीस मिनिटं गेली. मी घड्याळ लावून सांगते आहे. त्या वीस मिनिटांत ओल काठीच्या पुढे आणखी दोन बोटं सरकली, एका मजुराने पोतं टाकून टेकडीचा रस्ता धरला आणि साहेबांनी तीनदा कोणाकोणाला निलंबित करायची भाषा केली. काटा एकशे चौऱ्याहत्तरवर आला आणि थांबला. हवाअण्णांनी आणखी दोन मिनिटं वाट पाहिली. थांबलेलाच होता.

"आता वरचे सव्वीस भरा," साहेब म्हणाले.

"पुन्हा भरलं की पुन्हा तापेल, पुन्हा थांबावं लागेल. तेवढा वेळ नाही. आकडा लहान आहे, पण खरा आहे. खऱ्यावर जाऊ."

त्यांनी खिशातला कागद काढला. दोनशे धरले असते, तर परतीसाठी पन्नास राखून तीस मिनिटं मिळत होती. एकशे चौऱ्याहत्तर धरले तर चोवीस. ते वळसा घालून मुनिराजूच्या उजव्या बाजूला गेले, वाकले आणि म्हणाले, "चोवीस. पंचवीस नाही."

"सरी, अण्णा. ठीक."

एका हातात बोल्ट घट्ट धरून मुनिराजू पाण्यात शिरला. कडी दोरीने आधीच खाली सोडलेली होती.

पहिली दहा मिनिटं दोरीला एकेक झटका येत राहिला. ठीक. ठीक. पंधराव्या मिनिटाला बुडबुडे दाट झाले. खालचा माणूस जोर लावत होता. जोर लावणारा माणूस हवा जास्त खातो, हे हवाअण्णांनी मला पूर्वी सांगितलं होतं. त्यांनी कागदावर पाहिलं, पेन काढलं, पुन्हा खिशात ठेवलं. अठरा. वीस. दार ओढायच्या साखळीपाशी सहा माणसं हात घालून तयार होती. टेकडीवरून एक म्हैस हंबरली, तेवढंच.

चोवीस.

हवाअण्णांनी तीन झटके दिले.

खालून दोन आले. आणखी वेळ हवा.

त्यांनी पुन्हा तीन दिले. पुन्हा दोन आले.

"त्याला हवा आहे ना वेळ!" साहेब दोरीपाशी येऊन म्हणाले. "तो काम करतोय, होत आलंय! पन्नास राखून ठेवले म्हणालात. द्या त्याला त्यातले!"

हवाअण्णांनी पुन्हा दोरी ओढली. तीन. थांबून तीन. पुन्हा तीन. मग त्या निवांत माणसाने एक गोष्ट केली, ती अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. गुडघ्यांवर बसून, पाण्यावर ओणवं होऊन ते घसा फाटेपर्यंत ओरडले, "मुनि! साकु! बस झालं! वर ये!"

दहा मीटर पाण्याखाली काही ऐकू जात नाही, हे त्यांच्याइतकं तिथे कोणालाच माहीत नव्हतं.

दोरीला तीन झटके आले.

सव्वा मिनिट लागलं. आधी बुडबुडे जवळ आले, मग काळं डोकं. मुनिराजूने मुखवटा वर केला, पण बोलायला त्याच्यात दम नव्हता. त्याने दोन्ही हात पाण्याबाहेर काढले आणि पंजे उघडून दाखवले. हात रिकामे होते. जाताना बोल्ट घेऊन गेलेला माणूस रिकाम्या हाताने आला होता.

"बसला?" साहेबांनी विचारलं.

"बसला."

"ओढा!"

सहा जणांनी साखळी ओढली. ती ताठ झाली, कुरकुरली, आणि एकदम हातभर वर आली. बांधाच्या पलीकडच्या तोंडातून आधी चिखल आला. मग लाल पाण्याचा लोट असा सुटला, की उभ्या जागी पायांखालची जमीन थरारली. टेकडीवर आरोळी उठली. मजूर एकमेकांच्या पाठीवर चिखलाचे हात मारत होते. मुकादम रडत होता. साहेब अनवाणी धावत काठीपाशी गेले आणि ओल परत फिरायची वाट पाहत तिथेच बसून राहिले. ओल अर्थातच इतक्यात परतणार नव्हती. ती दुसऱ्या दिवशी दुपारी थांबली.

या गोंधळात हवाअण्णा एकटेच मुनिराजूच्या पाठीवरचं सिलिंडर सोडवत होते. त्यांनी काटा माझ्यासमोर धरला. अठ्ठावीस.

"राखलेल्या पन्नासातलेही गेले," ते हळू म्हणाले. "तो ज्या गतीने घेत होता, त्या गतीने हे पाच मिनिटांचे. तीस मिनिटांचा हिशेब धरला असता, तर हाक मारून हा वर निघेपर्यंत काटा शून्यावर."

त्यांनी शर्टाच्या बाहीने काटा पुसला, दोनदा.

जाताना साहेब कागद-पेन घेऊन आले. पंचनाम्यात लिहायला नाव विचारलं, मग मान खाली घालून लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले, "खाजगी पाणबुड्याने ऑक्सिजन सिलिंडर वापरून..."

"हवा," आम्ही तिघांनी एकदम म्हटलं.

परतीच्या वाटेत हवाअण्णा पुढे टेम्पोवाल्याशेजारी झोपले. मागे मी आणि मुनिराजू. मी त्याला काही विचारलं, उत्तर आलं नाही. मग त्याने मान वळवून उजवा कान पुढे केला. "या बाजूने बोला, अक्का. डावा गेलाय."

"कधी?"

"अण्णांच्या शेडचं पहिलं वर्ष. खाणीतला पंप काढायचा होता, मालकाला घाई. अण्णांनी गरम सिलिंडर दिलं. हात लावला, म्हणाले चाळीस अंश असेल, इतके किलो वजा. इतकी मिनिटं." तो थोडा हसला. "आत चाळीस नव्हतं. जास्त होतं. मी पंपाला दोरी बांधत होतो आणि हवा संपली. जीव घेऊन वर आलो. कान मात्र तिथेच राहिला."

"तुम्ही तरी त्यांच्याकडेच भरता?"

त्याला प्रश्न विचित्र वाटला असावा. "दुसऱ्या कोणाकडे भरू? बाकीच्यांच्या हातून अजून व्हायचंय ते."

संध्याकाळी मी बातमी दिली. डेस्कवरून विचारलं, किती गावं वाचली, आकडा टाक, मथळ्यात घेऊ. मी म्हटलं, एक गाव मी पाहिलं, बाकीचं उद्या सांगते. डेस्क चिडलं. बातमी आतल्या पानावर गेली. हवाअण्णांनी ती कापून भिंतीवर लावली, दुरुस्तीच्या शेजारी. 'हवा' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारून.

त्यानंतर तीन वर्षांनी, दशक संपताना, एका सकाळी मल्लेश्वरमच्या घरी ते वारले. खुर्चीत बसल्या बसल्या. मी पोचले तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात उभ्या होत्या. ओट्यावर कॉफीचा पेला होता, साय धरलेला.

"निवत ठेव म्हणाले," त्या म्हणाल्या. "ठेवली होती."

बाराव्या दिवसानंतर वहिनींनी शेडची किल्ली माझ्या हातात दिली. मुनिराजू बाहेर थांबला होता. दार उघडलं तेव्हा आत तेलाचा आणि ओल्या सिमेंटचा वास होता. हौदात एक सिलिंडर उभं होतं. शेजारच्या पाटीवर त्यांच्या अक्षरात, खडूने: '२०० गरम'. ते गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी भरून ठेवलेलं. सकाळी येऊन वरची भर घालायची होती.

मुनिराजूने काट्याकडे पाहिलं नाही. आधी हाताची मागची बाजू सिलिंडरला लावली आणि बराच वेळ तिथेच ठेवली. मग काटा जोडला. एकशे शहाऐंशी. तो कंप्रेसरपाशी गेला, पट्टा हाताने फिरवून पाहिला आणि तो सुरू केला. हळूहळू, मध्ये मध्ये थांबत, त्याने राहिलेले चौदा किलो भरले. काटा दोनशेवर आल्यावर कंप्रेसर बंद केला. शेडमध्ये एकदम शांत झालं.

पाटीवरचं अक्षर त्याने पुसलं नाही. बाकड्यापाशी आला, डाव्या टोकाला बसला आणि काट्याकडे बघत राहिला. मी शेजारी बसायला गेले, तेव्हा त्याने मान न वळवता हाताने समोरचं स्टूल दाखवलं. उजवीकडची जागा तशीच होती.